एक गोळी, अर्धी गोळी

पंचवटीत सव्वीस वर्षं मिरची कांडली मी.
ब्याडगी, लवंगी, संकेश्वरी.
एप्रिलच्या दुपारी असा ठसका सुटायचा
की समोरचा रसवंतीवाला गिऱ्हाइकासकट खोकायचा,
आणि मी आपली, नाकाला पदर न लावता,
शेवाळेवहिनींशी हळदीच्या भावावर बोलत बसलेली.
एकदा शिंकले नाही.

एक्कावन्नाव्या वर्षी शिंकले.
मग थांबलेच नाही.

गंगापूर रोडच्या डॉक्टरांनी
हातावर निळ्या पेनाने चौकोन आखले,
पहिलीतल्या पोराची गणिताची वही असते तसे.
प्रत्येक घरात एक थेंब, एक टोचण.
वीस मिनिटं हात हलवायचा नाही.
गाजरगवत: मसुराएवढी गांध.
घरातली धूळ: वाटाण्याएवढी.
झुरळ: काहीच नाही.
चला, एकाशी तरी जमलं.
शेवटच्या घरात आठ आण्याएवढी फुगली कातडी.
"कुत्रा आहे का घरी?"
मी म्हटलं, जिरं आहे.
त्यांना वाटलं, दुकानातलं सांगतेय.

दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं त्या वर्षी
गिरणीच्या पायरीवर येऊन बसलेलं,
निथळत, जिऱ्याच्याच रंगाचं.
नाव मीच ठेवलं,
आणि जिरली माझीच.

त्याचंही काही बरं नव्हतं म्हणा.
रात्रभर पंजे चाटायचं. चप् चप् चप्.
नळ गळतोय समजून मी दोनदा प्लंबर बोलावला.
पोटाखाली लालभडक, कानाला वास,
शेपटीच्या मुळाशी केसच नाहीत.
भामरे मॅडमनी रक्त पुण्याला पाठवलं.
अकरा दिवसांनी कागद आला.
धुळीतले किडे, म्हणाल्या. गाजरगवत.
मग चष्मा कपाळावर सरकवला.
"आणि माणसाच्या अंगावरचा कोंडा.
असतं असं. हसू नका."

मी हसले नाही.
मी शिंकले.
टेबलावर ते कान खाजवत होतं.

भाऊ फोनवर म्हणाला, देऊन टाक कुणाला तरी.
म्हटलं, कुणी कुणाला द्यायचं ते सांग आधी.

तर आता असं आहे.
कापसाची गादी गेली, पडदे गेले.
चादरी दर रविवारी कढत पाण्यात.
गिरणीमागचं गाजरगवत
गांगुर्ड्यांच्या निशिकांतने फुलायच्या आत उपटलं,
मला लांब कोपऱ्यावर उभं करून.
फिरून आलं की ओल्या फडक्याने चार पंजे,
बोटांच्या बेचक्यांसकट,
आणि माझ्या नाकात मिठाचं पाणी.
औषधी शाम्पूचा फेस दहा मिनिटं ठेवायचा असतो.
दहा मिनिटं म्हणजे किती,
ते जिऱ्याला धरून बसल्याशिवाय कळत नाही कुणाला.
जिने मिरचीला कधी पदर लावला नाही
ती बाई कुत्र्याला अंघोळ घालताना मास्क लावते.
वहिनी बघून गेल्या. गल्लीभर सांगितलं.

रात्री पांढऱ्या पाकिटातली एक गोळी माझी,
हिरव्यातली अर्धी त्याची, भाकरीच्या तुकड्यात.
भाकरी खातं, गोळी थुंकतं.
पुन्हा भाकरी.
मग दार लावायचं. डॉक्टरांची अट:
झोपायच्या खोलीत नाही म्हणजे नाही.
दाराखालच्या फटीशी नाक येतं,
एक लांब श्वास आत ओढतं
आणि जातं.

काल रात्री तीनला जाग आली.
चप् चप् नाही.
काहीच नाही.
नदीकडच्या रस्त्यावरून एक ट्रक गेला, तोही संपला.
छातीत धस्स झालं, अनवाणी उठून दार उघडलं.

फरशीवर आडवं पडलेलं होतं,
चारही पाय चार दिशांना.
पंजाला हात लावून पाहिला.
कोरडा.

मी तिथेच भिंतीला टेकून बसले,
हातभर अंतर सोडून.
श्वास घेऊन पाहिला.
दोन्ही नाकपुड्यांतून आला.
फरशी गार होती. उठावंसं वाटेना.

मग शिंकले,
एकदाच.
त्याने एक डोळा उघडला,
माझ्याकडे पाहिलं,
आणि जरा पलीकडे सरकून झोपलं.