बुधवारचा शेवटचा विषय

मंगळवार दुपारी दीडला सुरू होतो,
कारण मी तो तसा टाइप करते.
बुधवारही माझाच.

कार्डिफच्या खाडीकाठी, वेल्सच्या विधिमंडळात,
माझ्या टेबलावर नेहमी तीन आठवडे असतात:
एक पक्का, एक कच्चा,
आणि एक नुसता आशेवर.

कामकाज समितीत वेळेची घासाघीस चालते.
"अर्थसंकल्पाला नव्वद मिनिटं."
"साठात भागवा."
"मग गोठ्यांच्या नियमांना पंधरा तरी?"
मी खोडते, लिहिते, खोडते.
लंडनहून जे अधिकार आले
ते सगळे शेवटी या एका तक्त्यात मावावे लागतात,
आणि तक्ता रुंद होत नाही.

मंगळवार सरकारचा. बुधवारी बाकीचे.
आणि बुधवारच्याही तळाशी, मतदान उरकल्यावर,
एका सदस्याची छोटी चर्चा.
तीस मिनिटं. चिठ्ठी टाकून.

या खेपेला चिठ्ठी निघाली इदवाल प्रिदर्खची.
विषय: पोंत आयरिनचा पूल.
चौदा महिने बंद.
पलीकडची शाळा हाकेच्या अंतरावर,
रस्त्याने अकरा मैल.

पहिल्यांदा विषय पडला
पोलादाच्या कारखान्यावर तातडीचं निवेदन आलं म्हणून.
दुसऱ्यांदा बर्फ. सभागृह तहकूब.
दोन्ही वेळा मीच ती ओळ उचलून
पुढच्या आठवड्यात ठेवली,
कपबशी हलवावी तशी.

तिसऱ्यांदा फोन आला. तुदवाल नावाचे म्हातारे गृहस्थ,
पुलाच्या अलीकडे राहणारे.
"किती वाजता?"
पाच चाळीस, मी म्हटलं. अंदाजे.
ते थोडा वेळ गप्प.
मग म्हणाले, "बस साडेसहाची आहे, बाई.
तिच्यापुढे अंदाजे लिहिलेलं नाही."

बुधवारी ते आले. वर, काचेमागच्या गॅलरीत,
मांडीवर टोपी, टोपीत गुंडाळलेला कागद,
त्यावर पोरांच्या सह्या.
चारला एकाने हरकतीचा मुद्दा काढला.
पाचला मतदानाची घंटा झाली,
मग दुरुस्त्या, एकामागून एक,
सतरा.

सहा वाजून दोन मिनिटांनी सगळे उठले.
खुर्च्यांचा आवाज, कोटांचा, कुणाच्या तरी हसण्याचा.
सभापती म्हणाल्या, जाणाऱ्यांनी कृपया शांतपणे जावं.
उरले चौघं.

इदवाल उभा राहिला. वेल्शमध्ये बोलू लागला.
त्याचा पूल दुभाष्याच्या तोंडून
मंत्र्यांच्या कानात दोन सेकंद उशिरा पोचत होता.
चौदा महिन्यांत दोन सेकंद म्हणजे काय.

सहा वाजून सहा मिनिटं.
तुदवाल उठले. जाणाऱ्यांनी शांतपणे जावं
हे त्यांनी स्वतःलाही लावून घेतलं असावं,
बूट उचलून उचलून टाकत होते.
दाराशी वळून हात अर्धा वर केला.
इदवालने "सभापती महोदया" म्हटलं
ते त्यांच्याकडे बघून.

मंत्र्यांनी उत्तर वाचलं.
पाहणी. अहवाल. पुढची तिमाही.
उत्तर वाईट नव्हतं. मी याहून वाईट ऐकली आहेत.

इतिवृत्तात मी नोंदवलं:
चर्चा संपली, ६ वाजून ३१ मिनिटं.
कोण बोललं याला रकाना आहे.
कोण उठून गेलं, याला नाही.
सह्यांचा कागद खुर्चीवर राहिला होता,
सफाईच्या बाईंनी माझ्याकडे आणून दिला.
तो कुठल्या फायलीत लावायचा
हे मी तीन जणांना विचारलं.

गुरुवारी सकाळी तिसरा आठवडा उघडला,
आशेवरचा.
तळाशी कुणाचा तरी दात काढायचा दवाखाना,
डोंगरापलीकडचा.
पाच चाळीस, लिहिलं. कंसात, अंदाजे.
मग शेजारच्या खिडकीत
बसचं वेळापत्रक उघडलं,
आणि सरकारच्या एका निवेदनातली दहा मिनिटं
पेन्सिलीने, हलक्या हाताने,
खोडली.

समितीची बैठक अजून व्हायची आहे.