निळा नव्हता

रंगपेट्या याही वर्षी आल्या नाहीत.
नुकूसहून कागद आले फक्त,
पाठकोरे, पलीकडे जुन्या कापूस-वजनाचे आकडे.

म्हणून पाचवीच्या वर्गाला घेऊन
मुयनाकच्या धक्क्यावरून खाली उतरले,
पाणी असायचं तिथे.
म्हटलं, सापडेल त्यातून रंग करा.
तोंडात मात्र काही घालायचं नाही,
डॉक्टरीणबाईंनी बजावलंय.

जालगसनं बोटीच्या बुडाचा गंज खरवडला,
डबीभर, विटेच्या रंगाचा.
बीबायशानं शिंपले कुटले.
साक्सौलच्या जळक्या काटकीनं कुणी आपल्याच मिशा काढल्या.
सल्तनत उंटाची लीद घेऊन आली,
सगळी खिदळली,
आणि हिरवट काय ते तिच्याचकडे निघालं.

निळा नव्हता.
तासभर हिंडली पोरं.
एक फुटकी काच सापडली, बाटलीचं एक बूच.
"हे मातीतलं नाही," जालगस म्हणाला,
आणि लांब भिरकावलं.

तंगातर बोलत नाही फारसा.
बाप कझाकस्तानात विटा लावतो.
त्यानं टोपीत जमिनीवरची पांढरी पापडी गोळा केली,
पाण्यात विरघळवली,
बोरूनं कागदभर फिरवत राहिला.
काहीच दिसेना.
मी म्हटलं, नाव तरी घाल खाली.

सोमवारी कागद वाळला होता.
आकड्यांवर मीठ चढलेलं,
काठाशी दाट, मध्ये विरळ,
एकामागे एक.
लाटा त्यानं कधी पाहिलेल्या नाहीत.
मीही नाही.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
या पोरांनी ते ताटात नाही,
वाऱ्यात खाल्लंय, जन्मल्यापासून.

चित्र दाराशी लावलंय.
धुक्याच्या सकाळी मीठ पाझरतं,
भिंतीवरून ओघळ फरशीपर्यंत येतो,
आणि सल्तनत ओरडत सुटते,
"बाई, पाणी आलं!"

ओतेशबाय, आमचा शिपाई,
मासळीच्या कारखान्यात होता पूर्वी.
फडकं घेऊन धावत येतो,
उकिडवा बसतो,
आणि पुसत नाही.