डावी स्प्रिंग

जूनमध्ये इथे रात्र होत नाही,
नुसती विटते, फार वेळा धुतलेल्या कापडासारखी.
गोठ्यात दिवा लावला तो
फक्त गाडीच्या पोटाखाली बघायला.

गाई गेल्या त्याला वीस वर्षं झाली.
आता इथे सहासष्ट सालची व्होल्व्हो, बाबांची, शेवाळी रंगाची,
आणि माझी हौस:
पुढून चार बोटं खाली घ्यायची,
रस्ता हुंगत चालेल अशी.
"बाबांना आवडलं नसतं," मी म्हणाले.
"आल्गोतला काय आवडायचं तेवढं सांग," तॉर्केल म्हणाला
आणि जॅकचा दांडा हलवू लागला.

चाक निघालं.
शॉक ॲब्सॉर्बर निघाला, कुरकुर करत.
स्प्रिंग अजून दबलेली, साखळीने बांधलेली.
तॉर्केलने मला कोपराने मागे सारलं.
"दबलेल्याच्या समोर उभं राहायचं नसतं. हा बघ."
पुढचा एक दात नाही त्याला.
सत्तर साली गेला म्हणतो. कधी पंचाहत्तर म्हणतो.

जॅक रेसभर खाली, आणखी रेसभर,
आणि ती सुटली,
झोपेत कूस बदलल्याइतकाच आवाज करून.
गंज, गंजाखाली तेलकट चिखल,
कुठल्या कुठल्या हिवाळ्यांत रस्त्यावर टाकलेलं मीठ.

मग उजवी काढली.
दोघींना बाकावर उभं केलं, शेजारी शेजारी,
लग्नाच्या फोटोत उभं करतात तसं.

डावी बुटकी.

टेप लावला. उलट्या बाजूने पुन्हा लावला.
अंगठ्याच्या रुंदीएवढा फरक.
"चुकीची बसवली असेल कुणीतरी."
तॉर्केल कॉफीच्या कपाचा तळ बघत राहिला.
"डावीकडे तो बसायचा," म्हणाला,
"एकशे आठ किलो. चौतीस वर्षं."

उजवीकडे कोण बसायचं ते तो बोलला नाही.

आई गेली ती ओस्तरसुंदच्या बसने.
गाडीने सोडतो म्हणाले होते बाबा, ती नको म्हणाली.
मी सात वर्षांची. तेव्हापासून मी मागे बसायचे, कायम मागे.
"पुढे ये की," असं ते एकदाच म्हणाले,
आणि मी खिडकीबाहेर बघत राहिले,
बाहेर काही नसताना.
बर्चची झाडं होती. तीच, रोजची.

नव्या स्प्रिंगा काळ्याभोर, गोथेनबर्गहून पार्सलने आलेल्या,
खोक्यावर छापलेलं: चाळीस मिलिमीटर खाली.
रबरी टोप्या, खालचा आर्म, हातानेच फिरवलेले बोल्ट, चाकं.
पहाटे दोनला गाडी जमिनीवर सोडली.
सूर्य परत आला होता. गेलाच कुठे होता म्हणा.

उजवीकडे गाडी नखभर खाली आली.
डावीकडे बोटभर वर!
झुकवायला गेलो तर खांदा ताठ करून उभी.
मी हसले, पोट धरून,
नालीच्या कडेवर बसून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.
तॉर्केलने मडगार्डखाली हात घालून बघितला.
"खाली घेण्याचं काम आल्गोतने आधीच करून ठेवलं होतं की.
आपण फक्त हिशेब मिटवला."

बुशचे बोल्ट आवळायचे बाकी होते.
ते अधांतरी असताना आवळायचे नसतात.
चाकं लोंबत असताना आवळले
तर रबर जन्मभर पिळलेलं राहतं.
गाडी आपल्या पायांवर हवी. आत माणूस हवं.
"बस," तो म्हणाला, आणि जुन्या शेणाच्या नालीतून
पाना घेऊन गाडीखाली सरकला.

माझा हात मागच्या दाराकडे गेला.
"पुढे," खालून आवाज आला. "उजवीकडे."

दार घट्ट होतं. बिजागरी जवळजवळ कोरी.
सीट फुगीर, कुणाचाच आकार नसलेली.
माझ्याखाली ती करकरली
आणि थोडी, अगदी थोडी, खाली गेली.
शेजारी स्टिअरिंग, त्याच्यावर हात झिजवून गेलेल्या दोन जागा.

खालून पान्याची कट् अशी एक.
मग बराच वेळ काही नाही.
"हलू नकोस."
"किती वेळ?"
"चार बोल्ट."