कोणीच न लिहिलेली आज्ञा

औलूमध्ये डिसेंबरचा सूर्य दुपारी सव्वादोनलाच आवरतं घेतो.
नदीकाठी, जिथे पूर्वी कागद व्हायचा,
तिथे आता चौसष्ट प्रोसेसरांचं एक यंत्र
अख्ख्या प्रांताचे रुग्णवाहिकेसाठीचे फोन झेलतं.
ते बंद करायचं नाही.
वेइक्को म्हणाला, दार लावून घे,
चालत्या कोडमधले पाच बाइट बदलायचेत.

पाच बाइट. पाच अक्षरांचा एक शब्द.
मला वाटलं, खोडा, लिहा, झालं.
त्यानं खारट काळी वडी गालात सारली
आणि विचारलं,
तू खोडत असताना कोणी वाचत असेल तर?

चौसष्ट जण वाचताहेत.
एकाच ओळीवरून, सेकंदाला लाखो वेळा.
त्यातल्या एकानं पहिली दोन अक्षरं जुनी उचलली
आणि पुढची तीन नवी,
तर हाती येते ती जुनी आज्ञा नव्हे, नवीही नव्हे,
तिसरीच,
कोणीच न लिहिलेली.
आणि तो ती पाळतो.
शंका घेणं त्याला कुणी शिकवलेलं नाही.

आमच्याकडे याला ध चा मा म्हणतात, मी म्हणालो,
आणि त्या एका अक्षराची गोष्ट सांगितली.
त्यानं नीट ऐकून घेतली.
तुमच्याकडे निदान कुणाचा तरी हात होता, म्हणाला.

मग त्याची गोष्ट.
पुदासयार्वीला त्याची आई बर्फावर घसरली, खुबा मोडला.
त्यानं फोन केला, औलिस, आई गेली होती टपाल आणायला—
आणि रेंज तुटली. भावाला ऐकू आलं ते ‘आई गेली’ एवढंच.
तेवढ्यात शेजारणीनं मावशीला कळवलं,
आता दुखत नाही तिला, शांत पडलीय.
खोटं कोणीच बोललं नव्हतं.
भाऊ आणि मावशी एकमेकांशी बोलले, एवढंच झालं.
लेम्पी मावशी दोनशे किलोमीटर आली,
काळा पोशाख, मांडीवर वेलदोड्याचा पाव,
आणि आई खाटेवर उशीला टेकून शब्दकोडं सोडवत होती.
मावशी आधी रडली, मग जी चिडली
ती अजून चिडलेलीच आहे.
पाव मात्र सगळ्यांनी खाल्ला.

म्हणून आधी एकच बाइट.
शब्दाच्या तोंडाशी अडसर.
एकटा बाइट मधोमध फाटत नाही,
तो एकतर जुना दिसतो, नाहीतर नवा.
अडसराला जो धडकेल
त्याला हाताला धरून बाजूच्या वाटेनं पलीकडे सोडायचं.
मग चौसष्टांना हाक: आधी उचललेलं टाका, पुन्हा वाचा.
सगळ्यांचा होकार येईपर्यंत हाताची घडी.
मग मागची चार अक्षरं. पुन्हा हाक.
शेवटी अडसर काढून तिथे पहिलं अक्षर,
आणि तिसरी हाक.

दुसऱ्या हाकेला त्रेसष्ट होकार आले.
एकोणचाळिसावा गप्प.
वेइक्कोचं चघळणं थांबलं.
भिंतीवरच्या आकड्यांत फोन येतच होते,
कुणाची छाती, कुणाचं बाळ,
सगळे त्या बाजूच्या वाटेनं, कुणालाही न कळता.
मी म्हणालो, एकाकरता किती थांबायचं?
त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दोन सेकंद. अडीच.
हो.

पडद्यावर काहीच घडलं नाही,
आणि तेच तर हवं होतं.
मी कॉफी ओतली. तो फोन घेऊन बाहेरच्या मार्गिकेत गेला.
माझ्या मोडक्या फिन्निशला एवढंच कळलं:
मावशी, आधी बस.
बसलीस?
मग सांगतो.

पुढचं दाराआड गेलं.
मी त्यावरून काहीच ठरवलं नाही.