चासी नंबर

अंधेरी आरटीओच्या भिंतीला टेकून माझं टेबल,
एक पाय विटेवर.
शालन तोरसकर पिशवीतून काढतात
जुन्या पंचात गुंडाळलेला पत्रा.
कुर्ल्याच्या भंगारवाल्याने ग्राइंडरने कापून दिलेला,
वीतभरसुद्धा नाही.
गाडीचं एवढंच राहिलंय.

मी नेहमीचं सांगतो :
कर भरलात पंधरा वर्षांचा, एकरकमी.
गाडी मोडलीत नवव्या वर्षी.
उरलेल्याचा परतावा मिळतो, तक्त्याप्रमाणे.
तक्ता काही उदार नाही.

"पण ती फिरली किती? बारा हजार!
पार्ल्याहून दादर, कधीमधी अलिबाग."
सरकार किलोमीटर मोजत नाही, बाई.
वर्षं मोजतं. उभ्या गाडीचीसुद्धा.

"आणि नोंदणीची फी?"
ती नाही मिळत.
कर रस्त्याचा, रस्ता उरला तेवढा परत.
फी नाव लिहिण्याची.
नाव लिहून झालं.

तोरसकर रिक्षात बसून. मीटर चालू.
काचबिंदू.
सहीपुरतं उतरवलं, तर सही
जुन्या सहीशी जुळेना,
ओळ सोडून खाली खाली गेली
घाटात न्यूट्रल टाकल्यासारखी.
मी म्हटलं, साहेब ऑब्जेक्शन काढतील.
ते म्हणाले, "सहीचं राहू दे. नंबर वाच."

अर्जावरचा वाचला. अक्षरं-आकडे मिळून सतरा.
त्यांनी पत्रा मागितला,
गंजावरून अंगठा नेला सावकाश,
एका जागी थांबले,
मागे आले, पुन्हा गेले.
"तीन नाही. आठ आहे."

मी चष्मा पुसला.
आठ होता.

बावीस वर्षं या टेबलाशी पेन्सिल घासून
लोकांचे नंबर कागदावर उतरवतोय मी.

खाडाखोड चालत नाही. नवा फॉर्म, नवी सही,
ही जरा बरी आली, बाईंनी कोपर धरलं होतं.
पत्रा खिडकीपलीकडे गेला की गेला.
त्याआधी त्यांनी तो परत एकदा हातात घेतला,
या वेळी वाचायला नाही.
रिक्षावाला हॉर्न देत होता.

"पैसे कधी येतील?"
मी बोटांवर महिने दाखवले,
मग चूक कळून तोंडाने म्हटलं,
तीन.

"आठ धर," तोरसकर म्हणाले,
आणि हसत हसत
चुकीच्या बाजूने रिक्षात चढू लागले.