फुंकीची वही

वहीवर नाव तिनंच घातलंय :
श्रीजा नरसय्या गाजुल, चौथी ब.
आत गणितं नाहीत. तारीख, आणि तारखेपुढं आकडा.
प्लास्टिकच्या नळीत फुंकर मारायची,
लाल काटा थांबेल तिथं वाचायचं,
तीनदा फुंकून त्यातला मोठा लिहायचा.

पहिल्या पानावर एकशे चाळीस.
त्याच्या आदल्या रात्री विडी घरकुलातून रिक्षानं
तिला डॉक्टर कोठाडियांकडं नेलं होतं.
छातीत मांजर गुरगुरत होतं तिच्या,
आणि रिक्षावाला आरशातून तिच्याकडंच बघत होता,
रस्त्याकडं कमी.

घरात धूळ दोन जातीची.
एक हिच्या सुपातली, तंबाखूची.
एक माझी. मागावरून येतो तेव्हा
भुवयांवर तूस असतं, कानात असतं,
जेवताना ताटात पडतं.
डॉक्टर म्हणाले, पंप बंद करायचा नाही.
आणि पोरीला पोहायला घाला.
ही म्हणाली, जिला कोरड्यात श्वास पुरत नाही
तिला पाण्यात घालायचं?
मी गप्प. मलाही तेच वाटलं होतं.

महापालिकेचा तलाव, सकाळी सातची बॅच.
म्हेत्रे सर पहिले आठ दिवस पोहायला शिकवतच नाहीत.
कठडा धर. तोंड पाण्यात. बुडबुडे.
"घाई नको गं. मंद आचेवर डाळ शिजायलीय, तसं सोड."
नाकात पाणी गेलं. खोकली, रडली,
माझ्याकडं बघितलं, परत तोंड घातलं.
मी जाळीबाहेर बसून मोजायचो.
चार. सहा.
दुसऱ्या रविवारी अकरा.

घेणं तिला येतच होतं.
अडत होतं ते सोडणं.
तीस वर्षं माग चालवून हे मला
जाळीबाहेरच्या बाकावर कळलं :
धोटा गेला तसा परत यावा लागतो,
नाहीतर नुसतं सूत.

काही सकाळी क्लोरीन डोळ्यांना झोंबायचं.
त्या दिवशी सर तिला लांब बसवायचे,
आणि ती किनार चुकलेला टॉवेल पांघरून
(आमच्याच कारखान्याचा, पास न झालेला)
दुसऱ्यांचे हात मोजत बसायची.
एकशे पन्नास. एकशे पन्नास. एकशे पासष्ट.
दिवाळीत फटाक्यांनी एकदम एकशे तीस,
ते तिनं इतक्या बारीक अक्षरात लिहिलंय
की चष्मा लागतो.
मग एकशे ऐंशी.
डॉक्टरांनी पानं चाळली, म्हणाले,
बरं आहे. पंप चालूच ठेवा.
एवढंच.
आम्ही येताना पेढे घेतले.

एप्रिलात नळाला पाचव्या दिवशी पाणी.
तलावाच्या फाटकाला कुलूप,
कुलपाखाली पाटी, पाटीवर पुढची तारीख नाही.
निळ्या पिंपात डोकं घातलेली पोर हिनं बघितली
आणि अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं :
"प्यायचं पाणी हाय ते! काय करायलीस?"
"बुडबुडे, अम्मा."

पुढच्या पाण्याच्या दिवशी
ही काही बोलली नाही. एक घमेलं भरून
मोरीपाशी ठेवलं, वर ताट झाकलं.
श्रीजाचे बुडबुडे झाले की
त्याच पाण्यात विडीची पानं भिजवली.
हजार विड्या वळल्या त्या दिवशी.
आता त्या कोण ओढणार, त्याचा विचार
ही करत नाही. मी करतो, आणि सांगत नाही.

काल रात्री ती झोपल्यावर
मी नळी घेतली. धुतली. उभा राहिलो,
तिला सांगतात तसा, पाठ ताठ.
फुंकलं.
काटा बघून वाटलं, नळी बिघडली.
परत फुंकलं. खोकला आला, तोंडावर तिचाच टॉवेल दाबला.
दोनशे दहा.
तिच्यापेक्षा दहाच जास्त,
आणि ती नऊ वर्षांची.

टॉवेल दाबून काही उपयोग झाला नसणार.
सकाळी वही उघडीच होती,
तिच्या आकड्याखाली एक नवी रेघ मारलेली :
नाना. किती?
आणि मोरीपाशी
दोन घमेली.