तिसरी

परसात तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा ढीग होता,
माडाच्या बुंध्याशी टाकलेला.
त्यात तोंड घालून ती बसली होती,
मुठीएवढी, राखाडी, एका कानाला टोक नसलेली.
हे म्हणाले, "हिचं नाव तिसरी."
मी म्हटलं, "शिंपल्यांवरून?"
स्पॅनर पुसत हे म्हणाले,
"रेशनकार्डावर दोनच नावं आहेत आपली."

एवढंच.
मूल या विषयावर तेवीस वर्षांत आम्ही
याहून जास्त बोललो नाही.

मग ती राहिली. आधी पडवीत,
मग चुलीमागे, मग ह्यांच्या हत्यारांच्या पेटीत,
डिझेलच्या चिंध्यांवर.
मिरकरवाड्याहून हे रात्री यायचे, लाँचचं इंजिन खोलून,
तेव्हा दोघांच्या अंगाला वास एकच.
बांगड्याची शेपटी तिची, डोकंही तिचंच.
मधल्या तुकड्यावरून भांडण माझं आणि तिचं,
न्यायाधीश कायम फितूर.

मी काही तिला लाडाने हाक मारली नाही.
टवळे म्हणायचे, लाटणं दाखवायचे.
पण आषाढात होड्या वर ओढल्या की
सुकटीचा डबा रोज थोडा कमी भरायचा.
चोर मीच होते,
माझ्याच घरात, माझ्याच डब्यातून.

सिव्हिलमध्ये शेवटच्या सोमवारी
नाकातली नळी बाजूला सारून ह्यांनी विचारलं,
"जेवली?"
मी म्हटलं, "हो, जेवले."
हे हसले नुसते.
"जेवलीस" म्हणाले नव्हते,
हे मला जिना उतरताना कळलं.

दहाव्याला बायकांनी खाडीवर यायचं नसतं म्हणाले. मी गेले.
पिंड मांडून सगळे मागे सरले.
सुरूवर नऊ-दहा कावळे, एकही उतरेना.
दिरांनी हात जोडले, वहिनीला अंतर देणार नाही.
पुतण्या म्हणाला, सोसायटीचं कर्ज मी फेडीन काका.
गुरुजींनी घड्याळ पाहिलं.
तेवढ्यात केवड्याच्या बनातून ती आली.
दीड मैल, बांधाबांधावरून, कुणी आणली नव्हती.
पिंडाशेजारी बसली.
पुतण्याने दगड उचलला,
मी त्याचं मनगट धरलं.
तिने वास घेतला, दहीभात दोनदा चाटला
आणि मिशा पुसत बसली,
आमच्या उंबऱ्यावर बसायची तशी.

"शिवला," मी म्हटलं.
गुरुजी म्हणाले, "काकू, कावळा लागतो.
नाहीतर मग दर्भाचा करू."
करा म्हटलं. तुमचं तुम्ही करा.

परवा दुकानात कार्ड घेऊन गेले.
विश्राम गोविंद मयेकर, यावर पोराने पट्टी लावून रेघ मारली.
अगदी सरळ मारली, जीव लावून.
"आता एकट्याच ना?"
मी पिशवी घडी करत राहिले.

नाव बदललेलं नाही तिचं.
संध्याकाळी पडवीतून हाक मारते, तिसरी, तिसरी,
आणि शेजारची लहानगी मेधावी विचारते,
काकू, मग दुसरं कोण?
आहे, म्हणते मी. येईल.

बांगडा अजून तीन तुकड्यांतच कापते.
मधला ताटलीत तसाच राहतो,
आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसतो.
बऱ्याच वेळाने ती खाते.